पैलवान वर आहे

त्या वर्षी बटाटा एकदम आला. एरवी तो टप्प्याटप्प्याने येई आणि माणसांना पाठ टेकायला सवड मिळे. या खेपेला ऊन असं तापलं की काढलेला माल शेतात ठेवायची कुणाची छाती झाली नाही. काढला, पोत्यात भरला आणि आणला कोल्डवर. ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रक यांची रांग पार पुलापलीकडे गेली आणि वाट बघून कंटाळलेले ड्रायव्हर चाकांच्या सावलीत झोपू लागले.

कोल्ड म्हणजे गावाबाहेरचं ते थोराड, बिनखिडक्यांचं शीतगृह. पूर्ण नावाने त्याला कुणी हाक मारत नसे. बाहेर अंगाची लाही होत असली तरी त्याच्या जाड दाराआड कायम कडाका. आत चार माळे. एका माळ्यावरून दुसऱ्यावर उभ्या शिडीने जायचं आणि माळ्यावर तर जमीन नव्हतीच, नुसत्या फळ्या टाकलेल्या. ओलीने काळ्या पडलेल्या, पायाखाली लवणाऱ्या त्या फळ्यांवरून पाठीवर पोतं घेऊन माणसं दिवसभर ये-जा करत.

थोरली तिथेच कामाला होती, पण बाहेर, निवडणीच्या शेडमध्ये. घरातली ती थोरली सून, म्हणून सगळं गाव तिला थोरलीच म्हणे. सडका बटाटा हाताला लागला की बोट आत जातं आणि तो वास जेवतानाही हाताला येतो, हे आता तिच्या अंगवळणी पडलं होतं. तिचा नवरा आत माळ्यावर पोती चढवी. त्याला पैलवान म्हणत. आयुष्यात तो कुणाशी कुस्ती खेळला नव्हता. लहानपणी तापाने काडी झाला होता तेव्हा चुलत्याने चेष्टेने हे नाव ठेवलं. पुढे पोती उचलून अंगाने भरला आणि चेष्टा बाजूला राहून नाव खरं ठरलं. धाकटा दीर त्याच्याच टोळीत होता.

फाटकातून आत शिरताच भिंतीवर एक बोर्ड होता, त्याला खिळे ठोकलेले. आत जाताना आपला पत्र्याचा बिल्ला आपल्या खिळ्यावर टांगायचा, जाताना काढून न्यायचा. बोर्डावर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे, असा हिशेब. हंगामात लागोपाठ दोन दिवस खिळा रिकामा दिसला की फाटकाबाहेर आशेने बसलेल्यांपैकी कुणाला तरी तो मिळे, आणि मग परत मागायला गेलं की मॅनेजर कानांवर हात ठेवी. त्यामुळे टोळीने आपला मार्ग काढला होता. कुणाला ताप आला, कुणाच्या घरी बाळंतपण निघालं, की त्याचा बिल्ला दुसऱ्याने टांगायचा आणि त्याच्या वाटची पोती बाकीच्यांनी उचलायची. याला ते जागा धरणं म्हणत. मॅनेजरलाही हे माहीत होतं. माल थप्पीला लागतोय ना, मग त्याचं काय जात होतं?

ऐन गर्दीत एका दुपारी तिसऱ्या माळ्यावरची फळी मोडली आणि पैलवान पोत्यासकट खालच्या माळ्यावर आदळला.

थंडीत मार कळत नाही. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं आणि तरी प्रत्येक जण त्याला फसतो. पैलवान उठला, कंबर चोळली, हसला.

"पैलवान चीत," वरून कुणीतरी ओरडलं.

मॅनेजर दाराशी आला. त्याच्या अंगात कानटोपीपासून बुटांपर्यंत सगळं उबदार होतं. त्याने खालूनच विचारलं, "काय आवाज झाला रे?"

"फळी मोडली. पैलवान पडला."

"लागलं काय?"

"नाही साहेब," पैलवानच म्हणाला.

"मग हात चालवा. बाहेर रांग बघा."

पैलवानाने सुटी होईपर्यंत पोती वाहिली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या माळ्यावर एक नवी, पांढरी फळी आली. एकच. वायरमन गेल्या हंगामापासून सगळ्याच फळ्या बदला म्हणून मॅनेजरच्या मागे लागला होता. हा वायरमन कोल्डमधली बिजली बघे आणि कामगारांची युनियनही तोच बघे. कानावर पेन्सिलीसारखा टेस्टर खोचून हिंडायचा. 'हंगाम संपू द्या' या पलीकडे त्याला उत्तर मिळालं नव्हतं.

पडला त्याच संध्याकाळी घरी आल्यावर पैलवान चुलीशी बसून चहा प्याला. अंगात ऊब आली. कप ठेवून तो उठायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. त्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला की थोरलीच्या हातातलं भांडं सुटलं. त्याने बायकोकडे वळून पाहिलं, जणू मागून तिनेच काही केलं होतं. मग तो गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला, आणि त्या दिवसापासून स्वतःच्या पायांनी उभा असा तो राहिलाच नाही.

गावातल्या डॉक्टरने सुई टोचली, मुका मार आहे म्हणाला, पडून राहायला सांगितलं. सकाळी धाकटा दारात आला.

"वहिनी, दादाचा बिल्ला द्या. दोन दिवस जागा धरतो आम्ही. तेवढ्यात उठेल तो."

"फाटकावर तू टांगलास तर दिसेल कुणाला तरी. मी टांगते," थोरली म्हणाली. "बायकांच्या गर्दीत कोण बघतंय?"

असं ते सुरू झालं. रोज सकाळी ती डाव्या हाताने आपला बिल्ला टांगी आणि उजव्या हाताने नवऱ्याचा. पुढे तो हात इतका सरावला की घरून निघताना ती स्वतःचा बिल्ला एकदा विसरली, पण त्याचा नाही. आत टोळी त्याच्या वाटची पोती वाटून घेई. धाकट्याचा खांदा सोलून निघाला, तो त्यावर फडकं बांधून पोतं घेई. कुणी कुरकुर केली नाही. असा जीव लावणारी माणसं असतात म्हणून आपण तगतो, असं थोरलीला तेव्हा वाटे, आणि ते काही खोटं नव्हतं.

अधूनमधून मॅनेजर दाराशी येऊन वर मान करी. "पैलवान दिसत नाही रे?"

"वर आहे साहेब," माळ्यावरून उत्तर येई.

"बरं, बरं."

पहिल्यांदा सगळे तोंड दाबून हसले. शेडमधल्या बायकांतही तो विनोद होऊन बसला. कुणाचा नवरा न सांगता कुठे गेला की म्हणायच्या, वर असेल. पण दोन दिवसांचे किती दिवस झाले आणि पैलवान उठेना, तसा तो विनोद कुणी करेनासं झालं.

घरी बाज कोपऱ्यात ओढलेली होती. पैलवानाला कुशीवर वळायलाही माणूस लागे. लघवीला डबा. डबा द्यायला थोरली असली तर तो भिंतीकडे बघे; ती कामावर असली की म्हातारीला, त्याच्या आईला, ते करावं लागे, आणि तेव्हा तो आईवर वसावसा ओरडे.

"अरे, तुझे लंगोट बदललेत मी," म्हातारी म्हणे.

"तेव्हा मी लहान होतो."

"आता कुठे मोठा झालायस? पडून पडून ओरडतोस तर खरा."

एक दिवस त्याचा डावा पाय भाजला. थोरलीने शेकायला गरम पाण्याची बाटली ठेवली होती. कातडी लाल होऊन वर आली तरी पैलवानाला पत्ता नव्हता. तिने बाटली उचलली, पायाला चिमटा काढला, मग जोरात काढला.

"कळतंय का?"

"काय?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने फोटो उजेडाला धरला. मणका चिरलेला होता आणि आतली शीर दाबली जात होती. ऑपरेशन करावं लागेल, लवकर करावं लागेल, आणि ते इथे होत नाही, मोठ्या दवाखान्यात होतं. नाही केलं तर पाय जाईल, कदाचित दोन्ही.

"कसे पडले?"

"कामावर," थोरली म्हणाली. "कोल्डमध्ये. फळी मोडून."

"मग खर्च कंपनीने करायचा. युनियन-बिनियन आहे ना तुमच्यात?"

ती हो म्हणाली खरी, पण नवऱ्याला घरी पोचवून सरळ मॅनेजरकडे गेली. तिला वाटलं, माणूस डोळ्यांदेखत पडलाय, स्वतः येऊन विचारून गेलाय, सांगितलं की झालं. भांडण कशाला?

मॅनेजर जेवत होता. त्याने तिला बसायला सांगितलं नाही की जा म्हणूनही सांगितलं नाही. ती टेबलाशी उभी राहिली आणि तो सावकाश जेवला, हात धुतला, दात कोरले. मग म्हणाला, "कधी पडले म्हणता?"

तिने सांगितलं.

"अहो बाई, काहीतरीच काय? पैलवान तर पूर्ण हंगाम कामावर आहे. एक खाडा नाही त्याचा. तो बघा." त्याने दारातून बोर्डाकडे बोट केलं. "आजसुद्धा आहे. मोडलेल्या कमरेने कुणी इतकी पोती वाहील का? तुम्हीच सांगा."

थोरलीने बोर्डाकडे पाहिलं. सकाळी शहराला निघण्याआधी तिनेच टांगलेला बिल्ला वाऱ्याने हलत होता. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की 'वर आहे' ऐकून हा माणूस 'बरं, बरं' का म्हणत होता. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एका माणसाचं काम फुकटात बाकीचे करत होते, आणि वर त्यांच्याच हातांनी त्यांच्याच गळ्यात फास पडत होता. तो नुसता बघत बसला होता.

"तुम्ही स्वतः विचारलंत त्या दिवशी," ती म्हणाली. "लागलं का म्हणून."

"मग? काय म्हणाला तो?"

लागलं नाही म्हणाला होता, हे तिलाही ठाऊक होतं.

"हे बघा," मॅनेजरने आवाज मऊ केला. "मी काही राक्षस नाही. घरी पडला असं सांगा, सही करा, मी त्याला फाटकावर खुर्ची देतो. बसून काम. नाहीतर मग मला विचारावं लागेल की हा बिल्ला रोज टांगत कोण होतं. आख्खी टोळी बाहेर काढावी लागेल. तुमचा दीर पण आहे ना त्यात?"

ती बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. माणसाने मारावं, शिवी द्यावी, ते तरी सोसवतं. हे असं दात कोरत कोरत घर मोडायचं! तिने नवऱ्याचा बिल्ला खिळ्यावरून ओरबाडून काढला आणि वायरमनला शोधत मशीनच्या खोलीकडे गेली.

वायरमनने सगळं ऐकून घेतलं. कानावरचा टेस्टर काढला, परत खोचला. मग तो चिडला, आणि आधी तिच्यावरच चिडला.

"इतके दिवस मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तक्रार केली असती. मग त्यांनी बिल्ला काढला असता."

"काढला असता ना. मग मी भांडून परत लावायला लावला असता. भांडण चोरून होत नाही, वहिनी. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला लपवलंत. आता तो कामावर पडला हे सिद्ध कसं करू मी?"

"चुकलंच आमचं," ती म्हणाली. "पण फळी आम्ही नाही मोडली."

वायरमन म्हणाला, "ते खरं. माझंही चुकलंय. त्या नव्या फळीच्या वर मी दिवा बदलून आलो, आणि ही एकच फळी नवी का, हे कुणाला विचारलं नाही. उद्या सुटी झाल्यावर सगळ्यांना रिकाम्या पोत्यांच्या शेडमध्ये बोलावतो. तुम्ही यायचं."

शेडमध्ये बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि मध्ये पोत्यांची धूळ. वायरमनने काय घडलं ते थोडक्यात सांगितलं. कामगारांच्या कामाची तपासणी करणाऱ्या सरकारी बाई शहरातून येणार होत्या, त्यांच्यापुढे युनियन पैलवानाची बाजू मांडणार होती. पण टोळीने तोंड उघडल्याशिवाय मांडायला काही नव्हतं.

टोळीचा मुकादम, वयस्कर माणूस, मान खाली घालून बसला होता. "म्हणजे आम्ही साहेबाला फसवलं असं आम्हीच सांगायचं?"

"हो."

"आणि त्याने काढलं तर?"

"वायरमनला काय, त्याला कुणी काढत नाही," मागून एक जण पुटपुटला. "मशीन बंद पडेल ना."

"ऐकलं मी," वायरमन म्हणाला. "म्हणूनच विचारतोय. टोळीवर काही आलं तर सगळ्या टोळ्या बाहेर. निवडणीही बाहेर. मशीन तेवढं मी चालू ठेवीन, आतला माल आपल्याच शेजारपाजारच्यांचा आहे. पण आत एक पोतं हलणार नाही. हे जमणार असेल तर टोळीला खरं बोला म्हणतो. नसेल जमणार तर मला तोंड नाही तसं सांगायला."

मग धाकटा उठला. त्याने भावजयीकडे बघायचं टाळलं.

"वहिनी, फाटकावरची खुर्ची काय वाईट आहे? बसून काम आहे. कुणाला त्रास नाही."

"खुर्चीवर बसायला कंबर लागते, भाऊजी."

तो लाल झाला. "तसं नाही म्हणालो मी. दादा स्वतःच म्हणतोय, घरी पडलो सांगा म्हणून. आम्ही त्याच्यासाठीच..."

"माहीत आहे. तुझा खांदा मी बघितलाय. मीच त्यावर तेल लावलंय." थोरलीला आता उभं राहिल्यावाचून राहवेना. सगळे आपल्याकडे बघताहेत म्हणून तिची जीभ जड झाली होती, पण राग तिच्या पुढे धावत होता. "तुम्ही त्याच्या वाटची पोती वाहिलीत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मला एक सांगा, त्या नव्या फळीच्या शेजारची फळी कशी आहे? रोज जाता ना तिच्यावरून? उद्या ती मोडली की पडणाऱ्याचा बिल्ला कोण टांगणार? मी टांगू? मला आता चांगलं जमतं."

कुणी हसलं नाही. निवडणीतली एक म्हातारी, जिला सगळे मावशी म्हणत, गुडघ्यावर हात टेकून उठली. "आमच्या बायकांचं आम्हालाच विचारा, पुरुषांनी परस्पर ठरवू नका," ती म्हणाली आणि हात वर केला. तिच्यामागे बायकांचे हात वर झाले. पुरुषांतही झाले, काहींचे लगेच, काहींचे शेजाऱ्याकडे बघून. चार-दोन झालेच नाहीत, आणि ते कुणाचे हे सगळ्यांनी बघून ठेवलं. मुकादमाने हात सगळ्यात शेवटी वर केला, पण मग बराच वेळ खाली घेतला नाही.

धाकटा मात्र हात न वर करताच निघून गेला.

घरी पैलवानाने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "माझ्यापायी टोळी रस्त्यावर आणू नकोस. घरी पडलो म्हणून सांग."

"असं? आणि घरी कसे पडलात ते काय सांगू? मी ढकललं?"

"सांग काहीही."

"तुम्हाला लाज कशाची वाटते हो?" ती बाजेजवळ खाली बसली. "पडलात याची? त्याने निर्लज्जासारखं दात कोरत सांगावं आणि लाज तुम्ही बाळगावी? पाय तुमचा चाललाय. तुम्हाला नको असेल तर नको असू द्या, मला हवाय तो."

म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, "मलाही." त्या संध्याकाळी पैलवान आईवर ओरडला नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी दारात पावलं वाजली. बाहेर टोळी उभी होती आणि पुढे धाकटा. त्याने आत येऊन बाजेचा एक खूर धरला. "चला, उचला," तो म्हणाला. "सांभाळून. हे पोतं फुटायचं नाही." आणि पैलवानाला बाजेसकट उचलून ते फाटकापर्यंत चालत गेले. वाटेत माणसं उभी राहून बघत होती. पैलवानाने आधी डोळ्यांवर हात घेतला होता. पुलाजवळ तो काढला आणि रांगेतल्या ड्रायव्हरांकडे सरळ बघू लागला.

तपासणीच्या बाई तरुण होत्या, अंगाभोवती शाल घट्ट लपेटलेली. त्यांनी बाज बोर्डाजवळ ठेवायला सांगितली आणि तिथेच खुर्ची मागवली. मॅनेजरने चहा आणवला, तो त्यांनी घेतला नाही. याआधी त्यांनी असे किती कप नाकारले असतील कोण जाणे, इतक्या सहज त्यांनी तो बाजूला सारला.

मॅनेजरचं एकच पालुपद होतं. "ज्याचा बिल्ला बोर्डावर, तो माणूस आत. इथला नियम आहे बाई. पैलवानाचा बिल्ला हंगामभर होता. सगळ्यांनी बघितलाय. आता ही माणसं म्हणतील काहीही."

"बिल्ला मी टांगत होते," थोरली म्हणाली. "रोज. हे घरी बाजेवर होते."

"आणि त्याची पोती आम्ही वाहिली," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज चिरका निघाला. त्याने घसा साफ करून परत सांगितलं. "आम्ही सगळ्यांनी. फळी मोडून तो आमच्यासमोर पडला. साहेबांनी खालून विचारलं होतं."

"मी पण वाहिली," धाकटा म्हणाला आणि सदऱ्याचा गळा बाजूला ओढून खांदा दाखवला. तिथली कातडी अजून धड भरली नव्हती.

"बघा," मॅनेजर उसळला. "स्वतःच्या तोंडाने सांगताहेत. कंपनीला फसवलं यांनी. ही टोळी आजपासून बंद."

"मग सगळंच बंद," वायरमन शांतपणे म्हणाला. त्याच्यामागे शेडच्या दारात बायका येऊन उभ्या होत्या आणि मावशी सर्वांत पुढे. "ते नंतर बघू. बाई, मला साहेबांना एक विचारायचंय. साहेब, पैलवान हंगामभर वर होता म्हणता. तुम्ही बघितला?"

"म्हणजे काय! रोज चौकशी करत होतो मी."

"खालून."

"खालून, वरून, काय फरक पडतो?"

"वर जाऊन, तुमच्या डोळ्यांनी, कधी बघितला?"

"मी वर जात नाही."

"का?" हे तपासणीच्या बाईंनी विचारलं.

मॅनेजरने कानटोपी सारखी केली. "माझं काम खाली असतं," तो म्हणाला. "आणि तिथे... सवय लागते. त्या फळ्यांवर नवख्याला..."

"फळ्यांचं काय?"

"काही नाही. फळ्या चांगल्या आहेत. नुकतीच नवी टाकलीय."

"एक?" बाईंनी विचारलं. "चला मग. मला दाखवा. तुम्ही पुढे व्हा."

दार उघडलं तशी थंड हवा बाहेर आली आणि सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघू लागल्या. शिडी समोरच होती. वरच्या माळ्यावर दिव्याच्या पिवळ्या उजेडात त्या काळ्या फळ्या दिसत होत्या आणि त्यांत एक पांढरी. मॅनेजरने शिडीला हात घातला, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि वर बघितलं. दुसरा पाय जमिनीवरून उठेना. एवढ्या उबदार कपड्यांत त्याच्या कपाळावर घाम आला.

थोरली दाराशी उभी होती. पैलवानाचा बिल्ला तिच्या मुठीत होता. इतके दिवस तिला वाटत होतं की वायरमन कितीही सांगो, खालून बघणाऱ्या या माणसाला फळ्यांची खरी गत कळत नसावी. त्याला सगळं ठाऊक होतं. स्वतःचा पाय ठेवायची ज्याची हिंमत नव्हती, तिथे तो रोज माणसं चढवत होता, पाठीवर पोती देऊन, आणि खालून हात चालवा म्हणून ओरडत होता.

"चढा की साहेब," ती म्हणाली. "घाबरू नका. खाली आला नाहीत तर तुमचा बिल्ला मी टांगीन. रोज टांगीन. कुणी विचारलं तर सांगू, साहेब वर आहेत."

मॅनेजरने पायरीवरचा पाय खाली घेतला.

तपासणीच्या बाईंनी त्या पायाकडे पाहिलं. मग त्या वळल्या आणि दारातून बाहेर, उन्हात ठेवलेल्या बाजेपाशी आल्या. "यांना कुठल्या दवाखान्यात न्यायचंय?" त्यांनी विचारलं. "आजच निघायला हवं. खर्च कंपनीच्या नावावर लिहिते मी."

थोरलीला मोठ्या दवाखान्याचं नाव तोंडपाठ होतं, पण आयत्या वेळी ते तिच्या ओठांवर येईना. पैलवानानेच ते सांगितलं, बाजेवर पडल्या पडल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.